नेहमीसारखं

सलूनवाल्या काकांचा हात अजून लोण्यातून सुरी फिरावी तसा चालायचा. डोकं मात्र अधूनमधून न सांगता रजेवर जायचं. खुर्चीत बसून कुणी "नेहमीसारखं" म्हणालं, की काका छताकडे बघत आठवू लागायचे. मध्यंतरी त्यांनी एका हळव्या गायकाला पैलवान करून घरी पाठवलं, तेव्हा शेजारच्या खुर्चीवर काम करणाऱ्या त्यांच्या लेकीने निकाल दिला.

"बाबा, आणखी एक डोकं बिघडलं, तर कात्री माझी आणि गल्ला तुमचा."

"गल्ल्यावर बसून मी काय कापू? नोटा?"

"मग ऐका. या खेपेला प्रत्येकाला नीट विचारून कापा आणि मोबाइलमध्ये नावासकट फोटो ठेवा. पुढच्या वेळी फोटो बघायचा, तसंच करायचं."

काकांना पटलं. त्यांनी इमानेइतबारे एकही डोकं सोडलं नाही.

फोटो सुरू झाल्यापासून शाळेतले हेडसर दुसऱ्यांदा आले. केस कानांवरून उतरून कॉलरला टेकलेले. "नेहमीसारखं," म्हणाले, चष्मा काढला आणि घोरू लागले. काकांनी ऐटीत मोबाइलमध्ये 'हेडसर' शोधलं. फोटो पाहिला, डोकं पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. केस न् केस जुळत होता. कानांवर तेवढेच, कॉलरवर तेवढेच.

काका चक्रावले. पण पुरावा हातात होता. आता काही कापलं, तर नेहमीसारखं राहणार नाही. आणि तसं राहिलं नाही, तर कात्री गेली. त्यांनी पाणी मारलं, भांग पाडला, बराच वेळ हवेत कात्री चालवली, मानेला पावडर लावली आणि आरसा धरला.

"वा," अर्धवट झोपेत हेडसर म्हणाले आणि पैसे देऊन गेले.

परत आले ते बायकोच्या मागून.

"भाऊजी, हे म्हणतात कापून आलो. मी विचारलं, काय कापून आलात, अंतर?"

"वहिनी, पुरावा आहे माझ्याकडे." काकांनी मोबाइल पुढे केला. लेकीने तो मधल्यामधे घेतला आणि बोटाने फोटो सरकवत गेली. एकाहून एक घनदाट जंगलं.

"बाबा, फोटो कधी काढता तुम्ही?"

"गिऱ्हाईक बसल्या बसल्या. नंतर विसरलो तर?"

काकांनी मुकाट्याने कात्री लेकीपुढे ठेवली. तिने ती परत सरकवली.

"डोकं बिघडलं कुठे? तुम्ही हातच लावला नाहीत. कापा तुम्हीच. फोटो मी काढत जाईन, कापून झाल्यावर."

वहिनींनी नवऱ्याच्या कानामागून बोट फिरवून हद्द आखून दिली. काकांचा हात सुरू झाला आणि बघता बघता केसांतून हेडसर बाहेर आले. लेक खुर्चीमागे मोबाइल धरून उभी राहिली.

"सर, हलू नका. मागून काढतेय."

हेडसरांनी मान ताठ केली आणि समोर बघून छान हसले.