फरारीचं वर्ष

कडूबाची काठी तिसऱ्यांदा पाठीत बसली, तरी सोमेश्वरने हात वर केला नाही. टिकाव बाजूला पडला होता. तो ढेकळांवर गुडघे टेकून बसला होता आणि नाकातून ओघळलेलं रक्त मिशीत जिरत होतं.

“मार की! मारत का न्हाईस?” कडूबा धापा टाकत म्हणाला. “तवा तर लई हात चालत व्हता तुझा.”

“तुमी मारा, दादा. माझं काई म्हणणं न्हाई.”

कडूबा आणखीच चवताळला. काठी खांद्यावर बसली, मग कानशिलावर. प्रत्येक घावासरशी त्याचा स्वतःचाच तोल जात होता, कारण डावा पाय त्याला साथ देत नव्हता. शेतातल्या आखाड्यावरच्या पत्र्याच्या खोलीच्या दारात त्याची बायको नंदाबाई उभी होती. ती मधे पडली नाही.

तो पाय सोमेश्वरनेच मोडला होता. दीड वर्षापूर्वी, याच शेतात. पूर्णेच्या पात्रात वाळूचे टिप्पर उतरवायला जवळची दुसरी वाट नव्हती आणि कडूबा बांधावर आडवा झोपला होता. लोखंडी पहार एकदाच पडली, वाट मात्र कायमची पडली. उभ्या तुरीवरून गाड्या गेल्या. केस झाली आणि सोमेश्वर फरार झाला.

तो काही डोंगर बघायला गेला नव्हता. ट्रकवर बसून बऱ्हाणपूर, तिथून पायी सातपुड्यात, पोलिसांच्या भीतीने मिळेल त्या वाटेने. शेवटी एका कोरकू म्हाताऱ्याने ओसरी दिली. राहण्याचा मोबदला म्हणून सोमेश्वरने बोटातली सोन्याची अंगठी काढून दिली, तर म्हाताऱ्याने ती बकरीच्या गळ्यात बांधली आणि पोट धरून हसला. त्याच्या घरात दोन घोंगड्या, एक कुऱ्हाड आणि कुटकीच्या धान्याची एक कणगी होती. आषाढात सोमेश्वरने ओढ्याचा डोह दगडांनी अडवून पाटीभर मासे काढले. पोटात अंडी असलेले मासे. म्हातारा रागावला नाही. पाटी घेऊन काठावर बसला आणि वळवळणारा एकेक मासा परत पाण्यात सोडू लागला. मेलेले तेवढे शिजवले आणि सगळे सोमेश्वरच्याच पानात वाढले.

मंठ्यात सोमेश्वरचा बंगला होता, दारात दोन टिप्पर होते, आणि गावापुढची नदी त्याने खडकापर्यंत खरवडून विकली होती. गावच्या विहिरी आटल्या तेव्हा तो टँकरही विकत होता. त्या पानापुढे बसून त्याला वाटलं, या म्हाताऱ्याकडे उद्याचे मासे आहेत. आपल्याकडे उद्याचं काय आहे?

वर्षाने परतला तो सरळ ठाण्यात हजर झाला. काही महिने आत काढून जामिनावर सुटला, टिप्पर विकले, बंगल्याला कुलूप लावलं आणि बापाच्या जुन्या शेतावर राहायला गेला. माणूस कामातून गेला, म्हणत त्याची बायको मीना माहेरी निघून गेली. आज सकाळी तो टिकाव घेऊन कडूबाच्या शेतात आला होता. टिप्परच्या चाकांनी दगडासारखी झालेली वाट खणून जमीन मोकळी करून द्यायची, म्हणून.

कडूबा काठी टेकून खाली बसला. त्याचा दम संपला होता.

“गाड्या इकल्यास,” तो म्हणाला. “कुणाला इकल्यास? भुजंगालाच ना? तुझ्याच डायवरला. तू मोकळा झालास रं, नदी कुठं मोकळी झाली? रोज जाऊन राह्यल्या गाड्या माझ्या छातीवरून.”

सोमेश्वरने मान खाली घातली. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं असं नाही. त्याने त्यावर विचार केला नव्हता, एवढंच.

तेवढ्यात टिप्पर आलाच. खणलेल्या वाटेपाशी करकचून थांबला आणि भुजंग खाली उडी मारून धावत आला. सोमेश्वरचं रक्ताने भरलेलं तोंड त्याने पाहिलं.

“भाऊ! ह्या लंगड्यानं हात टाकला तुमच्यावर?”

“भुजंग, मागं हो. मीच…”

भुजंगने ऐकलं नाही. त्याने कडूबाची काठी हिसकावून फेकली, थोबाडात दिली आणि बुटाची टाच नेमकी त्या मोडक्या नडगीवर मारली. हाड वाजलं. कडूबाच्या ओरडण्याने बांधावरचे बगळे उडाले.

पुढचं सोमेश्वरने ठरवून केलं नाही. टिकावाचा दांडा हातात कसा आला ते त्याला कळलं नाही. पहिला घाव भुजंगच्या जबड्यावर बसला. भुजंग पडला, तरी दुसरा बसला, तिसरा बसला. मग त्याने दांडा टाकला आणि छातीवर बसून मुठींनी मारू लागला. भुजंग दोन्ही हात जोडत होता. सोमेश्वरला ते दिसत होतं. अंग हलकं झालं होतं, हात आपोआप उठत होता, आणि किती तरी दिवसांनी त्याला बरं वाटत होतं.

नंदाबाईने मागून त्याच्या सदऱ्याची कॉलर धरून ओढली. तो वळला, तर मूठ तिच्यावरच उगारलेली होती. ती हलली नाही.

“सोमेश्वर,” ती हळू आवाजात म्हणाली, “वरीसभर कुठं गेल्तास रं तू?”

त्याची मूठ खाली आली.

“कुठंच गेला न्हाईस,” ती म्हणाली आणि नवऱ्याकडे गेली.

सोमेश्वर भुजंगच्या छातीवरून उठला. मग त्याने भुजंगला उचलून टिप्परच्या केबिनमधे घातलं. कडूबाला उचलायला गेला तेव्हा कडूबाने तोंड फिरवलं, पण गळ्यात हात टाकला. सोमेश्वरनेच टिप्पर मंठ्यापर्यंत चालवला.

दवाखान्यात भुजंगला तपासून डॉक्टरने विचारलं, “कुणी मारलं याला?”

“मी.”

“सोमेश्वर, जल्दी करू नको,” शेजारच्या खाटेवरून कडूबा म्हणाला. “मला वाचवायला मारलं म्हण. मी गवाही देतो. न्हाई तर जमानत जाईल तुझी.”

“पयला घाव तुमच्यासाठी व्हता, दादा. बाकीचे न्हाई.”

दुपारी हवालदार सोमेश्वरला न्यायला आला. भुजंगच्या घरचे परतूरहून निघाले होते, त्यांना यायला वेळ होता. भुजंगचा जबडा बांधलेला, दोन्ही डोळे सुजून मिटलेले. त्याच्याजवळ कुणीतरी बसायला हवं, असं नर्स म्हणाली. हवालदाराने सोमेश्वरकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि दारातल्या स्टुलावर बसला.

नंदाबाईने नवऱ्यासाठी डाळीचं पातळ पाणी करून आणलं होतं. तिने ते एका वाटीत ओतलं. थोडं थांबून दुसऱ्या वाटीत ओतलं, चमचा टाकला आणि ती सोमेश्वरपुढे ठेवली.

सोमेश्वरने फुंकर घालून चमचा भुजंगच्या ओठाला लावला. कोण आहे ते भुजंगला वासाने कळलं असावं. त्याचं अंग आक्रसलं, मान भिंतीकडे वळली. डाळीचं पाणी उशीवर सांडलं.

सोमेश्वरने ते धोतराच्या सोग्याने टिपलं, पुन्हा चमचा भरला आणि धरून बसला. चमचा निवाला, तसा तो वाटीत ओतून त्याने परत भरला. दारातल्या हवालदाराने दोनदा खाकरून पाहिलं.

खूप वेळाने भुजंगने मान इकडे वळवली आणि पट्टीतून उघडेल तेवढं तोंड उघडलं.