तासभर तरी टिक

माझ्या दादाला बुद्धिबळ येतं, असं त्याचं मत आहे. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासून झाल्या की तो लाँड्रीमागच्या खोलीत जातो आणि हरून घरी येतो. हरण्याचं एक वेळ सोडा, पण तो लाँड्रीवाला त्याला हसतहसत हरवतो. दुसऱ्याच खेळीला आपला राजा बाहेर काढतो आणि म्हणतो, राजेसाहेब पाय मोकळे करायला निघालेत. शहाणा माणूस असा राजा उघड्यावर आणत नाही, हे मलासुद्धा कळतं. तरी दादा हरतोच, आणि मग आठवडाभर इस्त्रीचे कपडे आणायला मला पिटाळतो.

अशा माणसाने एकुलत्या एका मुलीच्या, म्हणजे माझ्या भाचीच्या, लग्नासाठी अट काय घालावी? तर मुलाने आधी पटापुढे बसायचं. पटावर माणूस कळतो म्हणे. नातेवाइकांनी सुचवलेला पहिला मुलगा आला, त्याने दादाला हरवलं, तो उर्मट ठरला. दुसरा अदबीने हरला, तो मुळमुळीत ठरला. तिसरा मात्र भाचीने स्वतः पसंत केलेला. लिफ्ट दुरुस्तीचं काम करणारा, हसऱ्या तोंडाचा.

हा नाही तर कोणीच नाही, असं भाचीने मला स्वयंपाकघरात सांगितलं. आणि बाबांनी नाही म्हटलं तर मी त्यांना सोडून जाणार नाही, हेही सांगितलं. वहिनी गेल्यापासून या बापलेकीचं असंच आहे. एकमेकांवाचून पान हलत नाही आणि एकमेकांशी धड बोलतही नाहीत. माझा जीव तिच्यासाठी तुटत होता. शेवटी आम्ही दोघींनी ठरवलं की मुलाने हरायचं, पण झुंजून हरायचं. तासभर तरी टिक, असं तिने त्याला चारचारदा बजावलं. तो हो म्हणाला. सोंगट्या कशा चालतात यापलीकडे आपल्याला काही येत नाही, एवढं सांगायचं मात्र बेट्याने टाळलं.

रविवारी सकाळी तो आला. हात घासूनपुसून धुतलेले, तरी नखांत ग्रीस होतंच. दादाने पाहुणा म्हणून त्याला पांढऱ्या सोंगट्या दिल्या आणि घाईने माणसाचं कसं वाटोळं होतं यावर छोटंसं प्रवचन दिलं. मी भाजी निवडायला मुद्दाम तिथेच बसले. भाची दाराला टेकून उभी राहिली.

मुलाने डोकं लावलं, पण भलतीकडेच. मधे शिरलं तर मारामारी होणार, त्यापेक्षा राजाच्या बाजूची कडेची प्यादी हळूहळू ढकलत बसावं, तास कसाही निघेल, असा त्याचा हिशेब. हे त्यानेच मला नंतर सांगितलं. त्याने राजाच्या उंटापुढचं प्यादं एक घर सरकवलं. दादाने आपल्या राजापुढचं प्यादं पुढे घेतलं. मग मुलाने घोड्यापुढचं प्यादं दोन घरं नेलं आणि भाचीकडे बघून हसला.

दादाचा हात वजिरावर गेला आणि तिथेच राहिला. त्याने पटाकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, पुन्हा पटाकडे पाहिलं. मग वजीर तिरका सरकत पटाच्या कडेला जाऊन बसला. राजाला शह होता. पळायला घर नाही, मधे घालायला सोंगटी नाही. दुसऱ्याच खेळीला मात झाली होती आणि मुलगा तिसरं प्यादं चिमटीत धरून आपली पाळी आली म्हणून बसला होता. तासभर टिक म्हटलेलं, आणि गॅसवरच्या चहाला अजून उकळीही आली नव्हती.

दादा उठून खिडकीपर्यंत गेला आणि परत आला. ही मात पुस्तकात सगळ्यांनी पाहिलेली असते, पण खऱ्या पटावर ती मिळायची तर इतकं वेड्यासारखं खेळणारा समोर यावा लागतो. दादा शाळेत असल्यापासून अशा माणसाची वाट बघत होता. मला हे पक्कं ठाऊक आहे, कारण लहानपणी तीच दोन प्यादी ढकल म्हणून तो मला गोळ्या द्यायचा. मी गोळ्या खायचे आणि दुसरंच काहीतरी ढकलायचे.

पण एवढा आनंद होतो न होतो तोच त्याचा चेहरा पडला.

"मुद्दाम हरलास का रे?" त्याने विचारलं.

इकडे आड तिकडे विहीर. हो म्हणावं तर खुशमस्कऱ्या, नाही म्हणावं तर ठोंब्या.

"नाही काका," मुलगा म्हणाला. "हरायचं मुद्दामच होतं, पण तासाभराने. हे आपोआप झालं."

भाचीने कपाळाला हात लावला. दादा मात्र असा खुलला की विचारू नका. ज्याला एवढंही लपवता येत नाही त्याच्यावर मिळवलेली मात खरीच असणार. त्याने लगेच चपला ओढल्या. लाँड्रीमागे आत्ता सगळे जमले असतील, चल, कसा खेळलास ते तिथे तुझ्या तोंडाने सांग, म्हणून त्याच्या मागे लागला. मी एकट्याने सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, म्हातारा झोपेत खेळला म्हणतील, असं त्याचं म्हणणं. आमच्या दादाला कोणाची इतकी मनधरणी करताना मी आजवर पाहिलं नव्हतं.

मुलाने हातातलं प्यादं खाली ठेवलं, पण खुर्ची सोडली नाही.

"सांगतो की," तो म्हणाला. "पण कोण म्हणून सांगू, काका? रस्त्यावरचा कोणीतरी धरून आणलाय, असं म्हणतील ते."

माझं भाजी निवडणं थांबलं. एका पायात चप्पल घालून दादा पटाकडे बघत राहिला. पटावर तर तोच जिंकलेला होता, तिथे त्याला सुटायला वाट कुठली सापडणार? मग त्याने भाचीकडे पाहिलं, आणि या खेपेला बराच वेळ पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते.

"जावई म्हणून सांग," दादा म्हणाला. "आणि एकदा सांगून भागणार नाही. दर रविवारी यायचं. नवा कोणी आला की पहिल्यापासून सांगायचं."

"सांगेन, बाबा," मुलगा म्हणाला आणि चपला घालायला उठला.