माळकऱ्याने बांधलेला गळ

या, मित्रांनो, जरा जवळ सरका. माझ्यापाशी टाळ नाही, मृदंग नाही, तरी एका जिवाची कथा सांगतो. मन लावून ऐका.

मी एक जुना गळ आहे. बोटभर लांब. अंगावर पांढरं रेशीम आणि जरीचे चार धागे गुंडाळलेले, म्हणून पाण्यात मी चिमुकल्या मासोळीसारखा दिसतो. चाबकासारखी लवचीक काठी झुलवून मला दूर फेकतात आणि मोठा मासा फसतो.

माझं हे रूप घडलं म्हैसुरात, कुवेंपुनगरच्या एका शिंप्याच्या दुकानात. तो शिंपी म्हणजे हणमंतअप्पा, पक्के माळकरी. मासळी त्यांच्या घरात कधी आली नाही. त्यांचा मुलगा सुदीप मात्र सुट्टी मिळाली की घाट उतरून समुद्राकाठच्या खाडीवर जाई, मासे धरी आणि सोडून देई. एकदा त्याने मला आणलं, तेव्हा मी नुसता उघडा लोखंडी गळ होतो.

"अप्पा, यावर रेशीम बांधून द्या की. तुमच्यासारखा हात कुणाचा आहे?"

आतून त्याची आई सोयराबाई म्हणाल्या, "अय्यो देवा! गळ्यात माळ अन् हातात गळ! बरं दिसतं काय हो?"

"मी सोडतोच की गं, आई."

"सोडतोस, पण तोंड फाडून सोडतोस," अप्पा म्हणाले. मग त्यांनी पकड घेतली आणि माझ्या टोकाजवळचा उलटा काटा दाबून सपाट केला. "आता हा सहज निघेल. बांधतो. पण मीही येणार. याच्यानं एक जरी मासा मेला, तर माळ उतरून ठेवीन."

खाडीत भरती चढत होती. तिसऱ्याच फेकीला मला हातभर लांब जिताडा लागला. सुदीपने त्याला खूप वेळ खेळवलं, मग उचलून फोटो काढले. एक, दोन, तीन.

"साकु, साकु! पुरे तुझे फोटो!" अप्पा कानडी-मराठीत ओरडले.

मी सहज निघालो. पण पाण्यात सोडलेला मासा आडवा पडला. पांढरं पोट वर आलं.

"गेला का हो, अप्पा?" सुदीपने विचारलं.

अप्पांचा हात माळेकडे गेला, अर्ध्यावर थांबला. धोतर खोचून ते पाण्यात उतरले. माशाखाली दोन्ही तळवे धरून त्यांनी त्याचं तोंड येणाऱ्या पाण्याकडे केलं आणि हळू आवाजात विठ्ठलनाम गाऊ लागले. पाणी कमरेवरून छातीला लागलं.

"अप्पा, बाहेर या!"

"गप रे. याचा हात धरलाय मी."

कितीतरी वेळाने कल्ले हलले. मग शेपटीचा सणसणीत फटका अप्पांच्या गालावर बसला आणि जिताडा गेला!

"बघ, बघ! जाता जाता थोबाडीत मारली!" अप्पा हसत होते, रडत होते.

त्या आनंदात मला धुवायचं राहून गेलं. मिठाने मी गंजलो. आता बटणांच्या डब्यात पडून असतो. राग नाही, मित्रांनो. मात्र तुम्ही आपला गळ गोड्या पाण्याने धुवा, त्याचा उलटा काटा दाबा, आणि मासा आपल्या बळावर जाईपर्यंत त्याला धरून ठेवा. तेव्हा छातीभर खाऱ्या पाण्यात उभ्या राहिलेल्या हणमंतअप्पांची आठवण काढा.