आठ किलोमीटरांचा सिद्धान्त

"आठच का? सात का नाही, नऊ का नाही?" विभागप्रमुखांनी विचारले आणि उत्तर स्वतःच्याच ग्रंथाच्या चौथ्या प्रकरणात असल्याने ते ऐकायला खुर्चीत निवांत रेलले.

समोर बसलेल्या, आरोग्य खात्यातल्या वरिष्ठ कारकुनाला कचेरीत सगळे मसुदेकाका म्हणत. तीस वर्षे खात्याचा प्रत्येक आदेश आधी त्यांच्या टेबलावर जन्म घेई आणि मग वर जाऊन थोरामोठ्यांचे नाव लावी. राज्यशास्त्राची पदवी हाती आली तर निवृत्तीपूर्वीची दोन वर्षे ते अधीक्षक होणार होते. लेखी परीक्षेत काठावर निभावले होते. उरली ही तोंडी, आणि नियमाप्रमाणे शेवटची संधी. निघताना बायकोने बजावले होते, "पुस्तकात आहे तेवढंच बोला. शहाणपण कचेरीत ठेवा."

चौथे प्रकरण त्यांना तोंडपाठ होते. जवळचा दवाखाना आठ किलोमीटरांहून दूर असेल तरच वस्तीला नवा दवाखाना मंजूर करावा, या एका आदेशात ग्रंथकारांना वितरणात्मक न्याय, राजकीय इच्छाशक्ती आणि कल्याणकारी राज्याचा परिपक्व विवेक असे तिन्ही एकाच बिळात सापडले होते. एवढ्या शोधासाठी ते कचेरीची एकही पायरी चढले नव्हते. पायऱ्या चढल्या की सिद्धान्ताला धाप लागते.

"वितरणात्मक न्याय," मसुदेकाका म्हणाले.

"छान. विस्तार करा."

मसुदेकाका खालच्या आवाजात म्हणाले, "सर, आठ मी लिहिले."

"तुम्ही?" दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या परीक्षक बाईंनी चष्मा काढला.

"हो. साहेब रजेवर, मसुदा संध्याकाळपर्यंत हवा. समोर गुरांच्या दवाखान्यांचं जुनं परिपत्रक होतं, त्यात आठ होते. तेच उचलले. शेजारी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं. म्हटलं, वर कोणीतरी विचारील. पाच सह्या झाल्या, विचारलं कोणी नाही. टंकलेखिकेनं प्रश्नचिन्ह तेवढं गाळलं."

"मंत्रिमंडळात चर्चा झाली असेल की," विभागप्रमुख म्हणाले.

"झाली ना. योजनेला नाव कोणाचं द्यायचं यावर. दीड तास."

बाईंना हसू फुटले; विभागप्रमुखांचा चेहरा पाहून त्यांनी ते चष्म्यासह परत जागेवर बसवले.

"काका, हे किस्से चहाच्या टपरीवर ठीक. इथे शास्त्र चालतं." विभागप्रमुखांनी घड्याळ पाहिले. "तुमचं वय बघून पुन्हा विचारतो. आठच का?"

एक वाक्य पुरले असते. ते जिभेवर आलेही होते.

"सर, दवाखान्यापासून साडेसात किलोमीटरांवरच्या वस्तीतली एक म्हातारी कचेरीत आली होती. बाळंतपणाला अडलेल्या तिच्या सुनेला झोळीत घालून घरचे निघाले, सून वाटेतच गेली. त्या वस्तीच्या अर्जावर 'नियमात बसत नाही' हा शेरा माझा. गुरांचा आकडा आहे तो, सर. त्याला न्याय नाही म्हणवत."

मग विभागप्रमुखांनी लेखणी उचलली आणि गुणपत्रिकेवर सुबक अक्षरात लिहिले: 'शासनप्रक्रियेचे आकलन नाही.' टेबलापलीकडचे कागद उलटे वाचण्यात मसुदेकाकांची हयात गेली होती. त्यांनी ते वाचले, नमस्कार केला आणि दार हलकेच ओढून घेतले.

बाहेर बाकावर पुढची परीक्षार्थी मुलगी नखे कुरतडत होती.

"काका, काय विचारतायत?"

"आठच का."

"अगं बाई. मग काय सांगायचं?"

मसुदेकाका तिच्याशेजारी बसले. "आधी वितरणात्मक न्याय. मग इच्छाशक्ती. विवेक शेवटी. क्रम चुकवू नकोस, त्यांना क्रम लागतो."

"तुम्ही पण हेच सांगितलंत?"

"मला ऐनवेळी जमलं नाही," मसुदेकाका म्हणाले, आणि तिला आतून हाक येईपर्यंत त्यांनी सगळे उत्तर तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतले.