प्लास्टर तापलं तेव्हा

या मायबाप, जरा पुढे सरका. गोष्ट रागाची आहे, पण ऐकून तर घ्या.

धाकट्याने बादली अशी आपटली, की कोमट पाणी भिंतीपर्यंत उडालं. पलीकडे खाटेवर बाबा निजले होते, कायमचे. जन्मभर त्यांनी परक्यांचे मुखवटे साच्यातून काढले. आता त्यांच्या उजव्या हाताचा साचा ताईला हवा होता, आणि ते काम येणारा घरात धाकटाच. घर सोडून गेलेला, तो आज सकाळी परतलेला.

"आजारी होते, तर कळवायला काय झालं होतं तुला?"

"शपथ घातली होती त्यांनी."

"वा, ताई! बापाची शपथ पाळलीस आणि भावाला नुसतं प्रेत दाखवलंस."

"हळू बोल. बाबा..."

"ऐकतील? ऐकू देत की! जिवंतपणी कधी ऐकलं माझं?"

प्लास्टरची भुकटी पाण्यात भुरभुरायची, मुरू द्यायची, मग अलगद ढवळायची, हे बाबांनीच शिकवलेलं. फार घुसळलं की प्लास्टर लवकर आवळतं. "ढवळतोस की वैर काढतोस?" असं ते विचारायचे. आज धाकट्याने भुकटी एकदम ओतली आणि वैरच काढलं. दारात बाबांना न्यायला आलेली माणसं बसली होती. त्याला उरकून निघायचं होतं.

बाबांच्या हाताला त्याने तेल चोळलं, नखांच्या कडांपर्यंत. हात लाकडी पेटीत उभा धरला, तर तो कलायचा. शेवटी त्याने आपला पंजा त्यांच्या पंजात अडकवला.

"ओत."

ताईने ओतलं. मनगटं बुडाली. बाबांचा हात आता सरळ राहील असं वाटलं, तेव्हा धाकट्याने आपला काढायला ओढला. निघेना. मनगटावरचे केस प्लास्टरने गच्च पकडले होते. बापाला तेल लावलं होतं, स्वतःला लावायचं राहिलं होतं.

त्याने प्लास्टरला शिव्या दिल्या, ताईला दिल्या. मग खाटेकडे वळून, "मेल्यावरसुद्धा अडवून धरा!" म्हणाला.

आणि साचा तापू लागला.

देवाची करणी बघा. भट्टीत भाजताना ही भुकटी जी आच पिते, ती पाणी मिळालं की परत देते, पदरचं काही ठेवत नाही. धाकट्याला हे पाठ होतं. तरी सकाळपासून दगडासारखी गार असलेली ती बोटं त्याच्या बोटांमध्ये कोमट झाली, मग चांगली गरम.

ताईने छिन्नी उचलली. "फोडते. भाजेल तुला."

"नको."

"अरे, साच्याचं काय घेऊन बसलास? दुसरा करू!"

"हात लावू नकोस म्हटलं ना!" त्याच्या कपाळावर घाम आला होता. चटका बसत होता, हे दिसत होतं. पण खांदा जागचा हलला नाही.

बाहेरून कुणीतरी हाक मारली, "झालं का? निघायला हवं."

"बसा म्हणावं!" धाकटा कडाडला. "आत्ता कुठे हात धरलाय माझा. यांना घाई कसली एवढी?" मग खालमानेने, तसाच रागात, "सांग त्यांना. बाबांना अजून ऊब आहे."

मायबाप, निजताना त्या ताईची आठवण ठेवा. बापाचं काम बघतच तीही वाढली होती, प्लास्टर का तापतं ते तिलाही ठाऊक होतं. ती छिन्नी हातात घेऊनच दाराशी गेली, आणि सगळ्यांना तसंच सांगून आली.