सनीव्हेलच्या बाल्कनीतलं गुळाचं पाणी

मी हमिंगबर्ड बोलतेय. आधी तो फोन खाली ठेवा आणि ‘सो क्यूट’ म्हणू नका. त्या शब्दांची मला आता शिसारी येते.

माझं कुळ मूळचं दक्षिणेकडच्या उष्ण जंगलांतलं. बहुतेक भाईबंद आजही तिकडेच आहेत, आमची शाखा तेवढी वर सरकत कॅलिफोर्नियात आली. माझा जन्म सनीव्हेलमधल्या एका अपार्टमेंटच्या पार्किंगजवळचा. वजन मूठभर चुरमुऱ्यांइतकं. मला पायांनी चालता येत नाही, पण हवेत एका जागी थांबता येतं आणि उलटंही उडता येतं. दिवसभर खात राहिले तरच मी जगते. गारठ्याच्या रात्री अंग थंड पाडून मेल्यासारखी पडून राहते, म्हणजे पोटातलं पुरतं. अंगाखाली पिल्लं असली की मात्र तीही सोय नसते.

नवऱ्याचं विचारू नका. गळा गुलाबी, चमकदार. आभाळातून सूर मारून दाखवला, मी भाळले, आणि तो जो गेला तो गेलाच. घरटं, अंडी, पिल्लं सगळं माझ्या गळ्यात. त्याचीही मला चीड आहे, पण तो निदान मदत करायला तरी येत नाही.

घरटं मी हिमानी आणि नकुल यांच्या बाल्कनीत बांधलं. दोघं पुण्याची, चिप डिझाइन करतात. त्यांची दिवाळीची माळ जानेवारी सरला तरी लटकतच होती. तिच्या वायरीवर मी कापूस, दगडफूल आणि कोळ्याचे धागे गुंफून अक्रोडाएवढी वाटी केली. कोळ्याचा धागा ताणतो, त्यामुळे पिल्लं वाढली की घरटंही वाढतं. वाटाण्याएवढी दोन अंडी घातली आणि बसले.

पंधरवड्याने हिमानीची आई, रत्नाताई, पुण्याहून आल्या. आल्या दिवशीच हातात केरसुणी.

“शी! काय गं ही जळमटं? कधी हात फिरवतेस की नाही बाल्कनीत?”

कोपऱ्यातले सगळे कोळी गेले. घरट्याची डागडुजी करायला धागा उरला नाही, जाळ्यात अडकलेली चिलटं टिपायची सोयही गेली. पण पिल्लं नुकतीच अंड्यातून बाहेर आली होती, भांडायला वेळ कुठे होता?

हिमानीला मात्र माझं भारी कौतुक. तिने आम्हाला रस पाजायचं लाल प्लॅस्टिकचं फीडर ऑर्डर केलं. नकुलने बॉक्स वाचला.

“आई, यात व्हाइट शुगर आणि पाणी, एवढंच घालायचं लिहिलंय.”

“साखर? पांढरं विष ते! इथले लोक काय, काहीही खातात. आपला सेंद्रिय गूळ आहे ना, मी कोल्हापूरचा आणलाय. बाळंतिणीला गूळच चांगला.”

“हो यार, गूळ इज सो मच हेल्दियर,” हिमानी म्हणाली.

झालं. स्वतःच्या बाळंतपणातले डिंकाचे लाडू आठवून या बाईंनी माझी सोय केली! अहो, फुलातला रस पातळ आणि स्वच्छ असतो. साध्या साखरेचं पाणी त्याच्या जवळपास जातं. गुळातलं लोह तुमच्या रक्ताला बरं असेल, आमच्या एवढ्याशा शरीराला ते विष आहे. शिवाय ते पाणी उन्हात आंबलं. कडेला काळी बुरशी धरली, आत मुंग्या तरंगायला लागल्या. आपला चहाचा कप विसळून घेणारी ही माणसं ते फीडर धुवायची नाहीत, वरून नवीन पाक ओतायची!

मी तिकडे फिरकत नव्हते. पण मग पाऊस लागला, सतत. चिलटं नाहीशी झाली. खालची सॅल्व्हियाची फुलं माळ्यांनी आधीच मशीनने साफ कापली होती. पिल्लं चोची वासून बसलेली. नाइलाजाने मी ते आंबूस, तपकिरी पाणी प्यायले, आणि माझ्या पोटातून त्यांच्या घशात उतरवलं. कुठली आई असं करेल? पण उपाशी पिल्लं बघितली की अक्कल चालत नाही.

चार दिवसांत धाकटीची जीभ सुजली. तोंडात पांढरा बुरा आला. कसंबसं एक चिलट मिळालं, ते घेऊन मी आले तेव्हा थोरल्याने चोच उघडली, तिने उघडली नाही. मी तिला चोचीने ढोसलं. परत ढोसलं. ती गार होती.

दुसऱ्या दिवशी, थोरल्याच्या धडपडीत घरट्यातून ढकलली जाऊन, ती बाल्कनीच्या फरशीवर पडलेली रत्नाताईंना दिसली. त्या खरंच रडल्या, ते मी नाकारत नाही.

“भुकेने गेलं गं लेकरू! आईला दूध... आपलं, रस कमी पडला असेल.”

आणि डोळे पुसत त्यांनी गुळाचा आणखी घट्ट पाक केला, फीडर काठोकाठ भरलं, आणि घरट्याच्या अगदी जवळ आणून टांगलं. आता या मायेला काय म्हणू? मला तर थुंकावंसं वाटलं.

पाऊस उघडला. मी लांबच्या लिंबाच्या मोहरावरून रस आणून थोरल्याला वाढवलं. आज सकाळी तो पहिल्यांदा उडाला. डगमगत, हेलकावे खात, आणि गेला कुठे? लाल रंग दिसला म्हणून थेट त्या फीडरवर. चोच आत घालणार, एवढ्यात मी वरून सूर मारला आणि त्याला टोचलं. तो पुन्हा वळला, मी पुन्हा टोचलं, पाठीत, डोक्यात, त्याचं पीस उडेपर्यंत. तो ओरडत समोरच्या झाडावर गेला, आणि अजून माझ्याकडे पाठ करून बसलाय.

हिमानीने सगळं शूट केलं.

“आई, बघ ना! शी इज सो मीन! स्वतःच्याच पिल्लाला खाऊ देत नाहीये!”

“पक्ष्यांना कुठली आलीये माया,” रत्नाताई म्हणाल्या, आणि पाक ढवळायला आत गेल्या.

तुमच्या फोनवर तो व्हिडिओ आला असेल. नावं ठेवायची तर मला ठेवा. पण तुमच्याही बाल्कनीत असं लाल काही टांगलं असेल, तर आधी उठा आणि ते धुवा. धुवायचा कंटाळा असेल तर काढून टाका. कोपऱ्यातला कोळी तेवढा राहू द्या. माझ्या पिल्लांना तुमच्या मायेपासून वाचवायला मला फार मारावं लागतं हो.