एका वर्षाची चूक

इस्पितळातल्या पलंगाशेजारच्या स्टुलावरची औषधं काकांनी बाजूला सारली, चार घड्यांचा कागद उलगडला आणि पंख्याने उडू नये म्हणून त्यावर पाण्याचा पेला ठेवला.

"सापडली," ते म्हणाले. "चूक सापडली."

काकूंनी उशीवरून मान वळवली. आजाराने चेहरा पार उतरला होता. डोळे तेवढे ओळखीचे राहिले होते.

"इसवी सनापूर्वी एक, आणि त्यानंतर एकदम इसवी सन एक. मधे शून्य वर्ष नाहीच. मी ते धरलं होतं. म्हणजे जगाचा शेवट यंदा नव्हताच, पुढच्या वर्षी आहे."

काकांनी चौतीस वर्षं बसच्या आगारात वेळापत्रकं आखली होती. निवृत्तीनंतर तोच हात पवित्र शास्त्राकडे, म्हणजे बायबलकडे वळला. दानीएलाच्या भविष्यवाणीतला एक दिवस म्हणजे एक वर्ष, असं धरून त्यांनी जुन्या राजांच्या सनावळ्या, दोन महायुद्धं, महासाथ, सगळं एका लांबलचक तक्त्यात बसवलं. तक्ता जिथे संपत होता, तो एप्रिलमधला दिवस उजाडला आणि इतर दिवसांसारखाच मावळला. चर्चच्या मंडळीतल्या लोकांनी फारसं छळलं नाही. एकाने फक्त विचारलं, "काका, शेवटची गाडी लेट आहे का?"

खरं नुकसान घरात झालं होतं. दोन वर्षांपूर्वी काकूंच्या पोटातली गाठ सुपारीएवढी होती आणि डॉक्टर ऑपरेशन करून टाकू म्हणत होते. काकू म्हणाल्या, "ह्यांच्या हिशेबाने दोनच वर्षं उरलीत. तेवढ्यासाठी चिरफाड कशाला?" लेक याच इस्पितळात नर्स होती, ती आईच्या हातापाया पडली. काका गप्प राहिले. आपल्यावर कुणी एवढा भरवसा टाकलेला त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

आता डॉक्टर आठवड्यांची भाषा करत होते आणि लेक बापाशी कामापुरतं बोलत होती.

"पुढच्या वर्षी मी कुठे असणार?" काकू म्हणाल्या.

"म्हणून तर सांगतोय. थोडीशीच झोप होईल. शेवटच्या दिवशी मेलेल्यांना उठवतील, तेव्हा लगेच उठवतील तुला."



"अहो, एक सांगू? मी तुमचा तक्ता कधी खरा मानलाच नाही."

काकांचा हात कागदावर तसाच राहिला.

"मला ऑपरेशनची भीती वाटत होती. माझी आई टेबलावरच गेली, तुम्हाला ठाऊक आहे. भित्री म्हणवून घेण्यापेक्षा श्रद्धाळू म्हणवून घेणं सोपं होतं."

"जरासुद्धा विश्वास नव्हता?"

"जरासुद्धा नाही."

"दोन वर्षं मला वाटतंय की मीच तुला..."

"माहीत आहे मला." त्यांनी काकांची बाही धरली. "पण पोरीला सांगू नका. तुमच्यावर चिडलीय, म्हणून ती उभी तरी आहे. माझ्यावर चिडून परत माया करायला तिला वेळ कुठे उरलाय?"

"आणि नंतर? तू गेल्यावर?"

काकूंनी डोळे मिटून घेतले.

लेक कोमट पाण्याचं घमेलं आणि टॉवेल घेऊन आली. तिची नजर आधी कागदावर गेली.

"अजून गणितंच चाललीत?"

बाहीवरची बोटं घट्ट झाली.

"हो," काका म्हणाले. "एक वर्ष चुकलं होतं."

लेकीने घमेलं खाली ठेवलं. तिचा आवाज चढला नाही.

"बाबा, बाहेर थांबा. आणि उद्यापासून नाही आलात तरी चालेल. आईचं मी बघेन."

काकांनी काकूंकडे पाहिलं. त्यांनी डोळे उघडले नाहीत. बोटं मात्र एकेक करून सुटली.

ते बाहेर आले आणि पडदा नीट ओढून घेतला. आत पाण्याचा आवाज झाला, मग लेकीचा, अगदी हळू.

"आई, कुशीवर वळ बघू."